प्रभावाच्या आडवाटा : तेझुका ओसामू यांच्या चित्रकथा आणि चित्रपट

तेझुका ओसामू (१९२८–१९८९) यांच्याविषयी लिहिताना ‘जपानचे डिस्ने’ हे विशेषण जवळजवळ आपोआप येते. ते निराधार नाही. ‘बॅम्बी’ हा चित्रपट १९५१ साली जपानमध्ये प्रदर्शित झाल्यावर तेझुका यांनी तो ऐंशीहून अधिक वेळा पाहिला असे सांगितले जाते. पुढील वर्षी त्याची चित्रकथाही त्यांनी केली. मात्र प्रभावाच्या अभ्यासात एखादे मोठे नाव हाती लागले की बाकीच्या वाटा बुजून जातात, तसे येथे झाले आहे. तेझुका यांच्या घडणीतील एक निर्णायक वाट अमेरिकेतून आलेली नाही. ती शांघायहून, ऐन युद्धकाळात, शत्रुराष्ट्राच्या चित्रपटातून आलेली आहे.

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील तोयोनाका येथे झाला. बालपण ताकाराझुका या गावी गेले. सर्व भूमिका स्त्रियाच करतात अशी प्रसिद्ध संगीत-नाट्यसंस्था याच गावची. तिचे प्रयोग त्यांना आईमुळे पाहायला मिळाले. वडिलांनी घरात पाथे कंपनीचा छोटा प्रक्षेपक आणला होता. त्यावर चॅप्लिनचे आणि डिस्नेचे लघुपट दाखवले जात. मुलाला कीटकांचे वेड होते. ‘ओसामुशी’ या भुंगेऱ्याच्या नावाशी साधर्म्य साधण्यासाठी त्याने लेखननावात ‘कीटक’ या अर्थाचे अक्षर जोडले. डिस्ने घरात होताच, पण तो अनेकांपैकी एक होता.

वान लायमिंग आणि वान गुचान या बंधूंनी शांघायमध्ये १९४१ साली ‘लोखंडी पंख्याची राजकन्या’ हा चीनमधील पहिला पूर्ण लांबीचा सचेतनपट पूर्ण केला. शहराभोवती जपानी सैन्य होते. परकीय वसाहतीचा तेवढा भाग अद्याप मोकळा होता. कथानक ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातील कादंबरीतले. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाच्या प्रवासाभोवती या कादंबरीची कल्पित कथा गुंफलेली आहे. महाराष्ट्राचे व पुलकेशीचे वर्णन करणारा प्रवासी म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेला तोच हा यात्रेकरू. चित्रपटाच्या अखेरीस गावकरी एकजुटीने वृषभासुराला हरवतात, आणि हा शेवट जपानी आक्रमणाविरुद्धचे आवाहन म्हणून वाचला गेला. तरीही १९४२ साली तो जपानमध्येच दाखवला गेला. तेझुका यांनी शाळकरी वयात तो पाहिला. जपानी नौदलानेही पाहिला, आणि आपल्याकडेही असे काही हवे या जाणिवेतून ‘मोमोतारो : समुद्राचे दिव्य सैनिक’ हा प्रचारपट निघाला. सेओ मित्सुयो यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट एप्रिल १९४५ मध्ये, बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या ओसाकातील चित्रपटगृहात, सोळा वर्षांच्या तेझुका यांनी पाहिला. आयुष्यात एकदा तरी असा चित्रपट करायचा, हा त्यांचा निश्चय तिथला. जूनमध्ये कारखान्यात काम करीत असताना ते हवाई हल्ल्यातून जेमतेम बचावले. ‘कागदी किल्ला’ (१९७४) या आत्मपर चित्रकथेत तो अनुभव आला आहे.

प्रतिकाराच्या चित्रपटातून साम्राज्याचा प्रचारपट, आणि त्या प्रचारपटातून पुढे युद्धविरोधी म्हणून ओळखला गेलेला कलावंत : ही साखळी ‘ऋण’ या शब्दात मावत नाही. शिवाय ती पूर्णपणे निर्मळही नाही. ‘मोमोतारो’मध्ये जपानी नौसैनिक झालेले प्राणी दक्षिणेकडील बेटांवरच्या प्राण्यांना अक्षरओळख करून देतात. तेझुका यांच्या ‘जंगल सम्राट’मध्ये (१९५०–५४) माणसांत वाढलेला सिंह लिओ जंगलातील प्राण्यांना मानवी भाषा शिकवतो. हेतू बदलला आहे. ज्ञान देणारा वर आणि घेणारे खाली, ही मांडणी मात्र तशीच राहिली आहे. १९९४ साली डिस्नेचा ‘द लायन किंग’ आला आणि त्याचे ‘जंगल सम्राट’शी असलेले साम्य जपानमध्ये वादाचा विषय झाले. त्या वादात कोणी कोणाचे घेतले याचीच चर्चा झाली. लिओची शाळा कुठून आली, हा अधिक अवघड प्रश्न बाजूलाच राहिला.

प्रभावासाठी मूळ कृती पाहिलेली असावी लागते का? १९४९ सालच्या ‘मेट्रोपोलिस’चे उदाहरण येथे बोलके आहे. फ्रित्झ लांग यांचा चित्रपट तेझुका यांनी तेव्हा पाहिलेला नव्हता. नियतकालिकात छापलेले त्यातील यंत्रस्त्रीचे एक छायाचित्र तेवढे पाहिले होते. उरलेले महानगर त्यांनी स्वतः उभे केले.

साहित्यकृतींशी त्यांचे नाते याहून जवळचे होते. ओसाकात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना त्यांनी ‘गुन्हा आणि शिक्षा’च्या नाट्यप्रयोगात छोटी भूमिका केली होती. १९५३ साली त्या कादंबरीची चित्रकथा करताना मात्र त्यांनी सैबेरियाचा उपसंहार गाळला. त्यांचा रास्कोल्निकोव्ह चौकातील गदारोळात आपला गुन्हा ओरडून सांगतो आणि ते कोणाच्याही कानी पडत नाही. दोस्तोयेव्हस्कीच्या दृष्टीने हा विपर्यासच. पराभवानंतरच्या जपानमध्ये मात्र कबुली ऐकायला कोणी नसणे, ही कबुली न देण्यापेक्षाही भयंकर गोष्ट ठरते.

गटेच्या ‘फाउस्ट’कडे ते तीनदा वळले. १९५० सालची आवृत्ती मुलांसाठी, मूळ कथेच्या बरीच जवळची. १९७१ सालच्या ‘शंभर कथा’मध्ये फाउस्ट हा हाराकिरीची शिक्षा झालेला सामान्य सामुराई होतो आणि सैतानाच्या जागी एक चेटकीण येते. १९८८ मध्ये सुरू केलेल्या ‘निओ फाउस्ट’मध्ये पार्श्वभूमी विद्यार्थी आंदोलनाच्या काळातील विद्यापीठाची आहे, आणि करार जीवनिर्मितीच्या विज्ञानाशी जोडलेला आहे. १९६१ साली वैद्यकातील डॉक्टरेट मिळवलेल्या लेखकाच्या हातून हे घडावे, यात आश्चर्य नाही. ही कृती अपुरी राहिली. शेवटची पाने केवळ कच्च्या रेखाटनांची आहेत.

‘बुद्ध’ (१९७२–८३) भारतीय अभ्यासकाला विशेष जवळची. पाली परंपरेतील विडूडभाची कथा, म्हणजे दासीपुत्रीच्या पोटी जन्मल्याचा अपमान आणि त्यातून शाक्यांचा संहार, येथे आहे. पण आरंभीच्या भागात नायक सिद्धार्थ नसून चाप्रा नावाचा कल्पित दास मुलगा आहे. जन्म लपवून तो कोसलाच्या सेनापतीचा पुत्र होतो. जातिव्यवस्थेचे चित्रण आपल्याला ठोकळेबाज वाटते, आणि ते तसे आहेही. तरीही बुद्धकथेचे दार दासाच्या बाजूने उघडणे लक्षणीय ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्येही (१९५७) चार दृश्यांऐवजी शाक्य-कोलियांमधील पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण दिले आहे. येथे प्रभाव शोधण्यात अर्थ नाही. दोन वेगळ्या गरजांनी एकाच कथेला सामाजिक वळण दिले, इतकेच म्हणता येईल.

चित्रपटकार तेझुका यांचा वारसा वादग्रस्त आहे. त्यांच्या मुशी प्रॉडक्शनने १ जानेवारी १९६३ पासून ‘तेत्सुवान आतोमु’ ही साप्ताहिक मालिका सुरू केली. कमी चित्रांत काम भागवण्याचे तंत्र आणि अत्यल्प किंमत यांवर ती उभी होती. संस्था १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या किमतीने साऱ्या व्यवसायाला जखडून टाकले, असा आक्षेप मियाझाकी हायाओ यांनी तेझुका यांच्या निधनानंतर घेतला. तेझुका यांनाही हे उमगले नसावे असे वाटत नाही. ‘अरण्याची आख्यायिका’ (१९८७) या चायकोव्स्कीच्या संगीतावरील त्यांच्या अपूर्ण चित्रपटात अरण्य उद्ध्वस्त करणारा हिटलरसदृश खलनायक याच काटकसरी तंत्रात रेखाटलेला आहे.

नोव्हेंबर १९८८ मध्ये, आजारी असतानाच, ते शांघायच्या सचेतनपट महोत्सवाला गेले आणि वृद्ध वान लायमिंग यांना भेटले. त्यांचा आतोमु आणि वान यांचा वानरराज हस्तांदोलन करीत असल्याचे चित्र उपलब्ध आहे. परतल्यावर त्यांना रुग्णालयात दाखल करण्यात आले. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानी दूरचित्रवाणीवरून त्यांचा ‘मी सोन गोकू’ हा आत्मपर चित्रपट दाखवला गेला. युद्धकाळात ‘लोखंडी पंख्याची राजकन्या’ पाहणारा मुलगा त्यात आहे.