ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स : एका विमान कंपनीचा उदयास्त

८ ऑक्टोबर २०२५ रोजीं आमच्या नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. त्या भव्य वास्तूचें कौतुक घरोघरीं चाललें असतां मला मात्र चार वर्षें चमकून मावळलेल्या एका कंपनीची आठवण झाली. मुंबईची ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स ती हीच.

१९५३ सालीं सरकारनें देशांतील खासगी विमान कंपन्या आपल्या ताब्यांत घेतल्या. पुढें जवळजवळ चाळीस वर्षें प्रवाशास सरकारी विमानावांचून गति नव्हती. १९९० च्या सुमारास ‘एअर टॅक्सी’ या नांवाखालीं खासगी विमानांस मुभा मिळाली. परंतु जुना कायदा कायम असल्यामुळें त्यांस वेळापत्रक प्रसिद्ध करण्याचीहि सोय नव्हती. दार उघडलें खरें, पण अर्धेंच!

त्या अर्ध्या दारांतून थकियुद्दीन वाहिद हे गृहस्थ आंत शिरले. ते मूळचे केरळचे. आखाती देशांत नोकरीस जाणाऱ्यांच्या प्रवासाची व्यवस्था करणें हा त्यांचा मुंबईंतील व्यवसाय. फेब्रुवारी १९९२ मध्यें त्यांचें बोइंग ७३७ विमान मुंबईहून कोचीनला निघालें. घराची ओढ लागलेला प्रवासी कोणत्या वाटेनें जातो, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें.

पुढच्याच वर्षी जेट, दमानिया, मोदीलुफ्त व सहारा या कंपन्या मैदानांत उतरल्या. १९९४ सालीं जुना कायदाहि रद्द झाला. स्पर्धा वाढली, पण खर्च कमी होईना. विमानें भाड्याचीं, त्यांचें भाडें डॉलरांत, आणि रुपयाचें अवमूल्यन तर १९९१ सालींच झालेलें! इंधन परदेशाहून महाग. बैल गाडीस जुंपा अथवा गोठ्यांत बांधा, त्याला वैरण ही लागतेच. भाड्याच्या विमानाचेंहि तसेंच आहे.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजीं वाहिद यांची मुंबईंत गोळ्या घालून हत्या झाली. १९९६ सालीं कंपनीचीं उड्डाणें थांबलीं. त्या गोळ्यांनींच कंपनी मारली, असें म्हणणें सोपें आहे. परंतु दमानिया व मोदीलुफ्त यांच्या चालकांवर कोणी गोळी झाडली नव्हती; तरी त्याहि कंपन्या त्याच सुमारास लयास गेल्या. सर्वांत मोठी झालेली जेटसुद्धां एप्रिल २०१९ मध्यें जमिनीवर आली. हत्येनें कर्णधार नेला. पण नौकेच्या तळाला भोंक आधींच पडलेलें होतें.

म्हणून त्या कंपनीस केवळ अपयशी म्हणणें मला न्याय्य वाटत नाहीं. पहिला वाटसरू कांटे तुडवतो, त्यामागून येणाऱ्यांस पायवाट मिळते. आज आपण तिकिटांचे दर ताडून हवी ती कंपनी निवडतों. ती निवड ज्यांनीं प्रथम आपल्या हातीं दिली, त्यांत वाहिद हे एक होते. नव्या धांवपट्टीवरून पहिल्यानें उड्डाण करतांना एवढें स्मरण आपण ठेवावें, इतकीच विनंती.