कावसजीचे नाक : त्वचारोपणाच्या इतिहासातील पुण्याची एक नोंद

जखम भरून येण्यासाठी मूलपेशींचा उपयोग हा आज वैद्यकातील चर्चेचा विषय आहे. जिवंत त्वचा एका जागेवरून दुसऱ्या जागी रुजविण्याच्या इतिहासातील एक महत्त्वाची नोंद मात्र पेशवाईतील पुण्याशी निगडित आहे.

ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रज फौजेतील बैल हाकणारा कावसजी 1792 च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आले. (नावावरून तो पारशी वाटतो, पत्रात मात्र त्याची नोंद शेतकरी मराठा अशी आहे.) सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन ते कपाळावर आखले व तेवढी त्वचा सोडविली. दोन डोळ्यांमधील एक पट्टी तेवढी जोडलेली ठेवली. तिच्यातूनच नव्या नाकाला रक्त मिळत राहिले. सांध्यावर पाण्यात कालविलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या, चार दिवसांनी तुपात बुडविलेली कापडे ठेवली आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी छेदली.

ही पद्धत सरसकट सुश्रुताच्या नावावर टाकली जाते. ते अचूक नाही. सुश्रुतसंहितेत त्वचा गालाची घेण्यास सांगितले आहे, कपाळाची नव्हे. ग्रंथाहून वेगळी अशी एक हस्तपरंपरा कारागिरांनी जोपासली होती, असेच मानावे लागते. इंग्लंडमध्ये जोसेफ कार्प्यू याने 1814 मध्ये ही शस्त्रक्रिया केली व 1816 मध्ये तीवर पुस्तक प्रसिद्ध केले. कावसजीचे नाव टिकले, जेम्स वेल्सने काढलेले त्याचे चित्रही टिकले. कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

पुढील काळातील अडचण निराळी होती. रुग्ण फार भाजला असेल तर उसनी घ्यायला निरोगी त्वचाच उरत नाही. 1975 मध्ये ऱ्हाइनवाल्ड व ग्रीन यांनी बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. 1980 च्या दशकात त्यांचे थर भाजलेल्या रुग्णांवर लावले गेले. असे थर टिकणे तळच्या मूलपेशींवर अवलंबून असते. तथापि भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, प्रामुख्याने रक्ताचे काही विकार वगळता, मूलपेशींना प्रस्थापित उपचार मानलेले नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 2000 मध्ये त्वचापेढी सुरू झाली. मृत दात्याची ही त्वचा कायमची रुजत नाही; काही आठवडे ती जखम झाकते, तोवर रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेला अवधी मिळतो.