तबकडीवरचा निपर

एकेकाळी आपल्याकडे 'एचएमव्ही'च्या तबकड्या वाजायच्या, तेव्हा गाणं कुणाचंही असो, मधोमध कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा ठरलेला. तो कुणा जाहिरातवाल्याच्या डोक्यातून निघालेला नाही. तो खरोखरच होऊन गेला.

निपर त्याचं नाव. जन्म 1884चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. मालक मार्क बॅरॉड 1887 मध्ये वारला आणि निपर त्याच्या चित्रकार भावाकडे, फ्रान्सिसकडे आला. 1895 मध्ये निपरही गेला. फ्रान्सिसनं त्याचं चित्र रंगवलं ते तीन वर्षांनी. तेव्हा समोर कुत्रा नव्हता. मागे राहिला होता एक फोटो आणि एक आठवण : फोनोग्राफमधून आवाज आला, की निपर मान तिरकी करून ऐकत राही.

1899 मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं चित्र घ्यायची तयारी दाखवली, पण एका अटीवर : त्यातलं यंत्र बुजवून आमचं काढा. बॅरॉडनं ते मानलं. चित्राचे 50 पौंड मिळाले, हक्कांचे 50. मूळ चित्रावर ठरावीक कोनातून उजेड पडला, की रंगाखालचं जुनं यंत्र दिसतं. 1924 मध्ये निधन होईपर्यंत त्यानं स्वतः या चित्राच्या 24 प्रती रंगवल्या.

आजही माणसं गेलेल्या कुत्र्याचा फोटो घेऊन चित्रकाराकडे जातात. फोटो असताना चित्र कशाला, असं कुणी विचारतं. फोटोत त्याचं रूप असतं. त्याची लकब घरच्यांना ठाऊक असते. चित्रकारानं ती आधी विचारून घ्यावी.