शिंदीवर पडलेली कुऱ्हाड

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. ती केरसुणी बहुतेक वेळा शिंदीच्या पानांची असते. याच शिंदीची झाडं तोडायला ८ मे १९३० रोजी सोलापुरात माणसं कुऱ्हाडी घेऊन निघाली होती. एकाच झाडाच्या वाट्याला पूजा आणि कुऱ्हाड दोन्ही कशी आली, हे समजायला आधी झाड समजून घ्यावं लागतं.

शिंदी म्हणजे खजुराची रानटी बहीण. हिची फळं लहान, गर जेमतेम. नर आणि मादी झाडं वेगळी. ओढ्याकाठी, खोलगट जागी ती बीपासून आपोआप उगवते. मुद्दाम लावायची तरी बीच पेरायचं आणि काही वर्षं धीर धरायचा. तिला फांद्या नसतात, शेंड्याला एकच कोंब असतो. तो गेला की झाड गेलं.

रस काढायचा तो या शेंड्याच्या जरा खाली. थंडीच्या दिवसांत तिथली पानं काढून खोड तासतात आणि मडकं बांधतात. पुढच्या हंगामात काप विरुद्ध बाजूला घेतात. त्यामुळे जुन्या झाडाच्या खोडावर खाचांची नागमोडी ओळ दिसते आणि त्या खाचा मोजून झाडाने किती हंगाम रस दिला ते सांगता येतं. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ती नीरा. ऊन चढलं की हवेतल्या यीस्टमुळे तो आंबतो आणि त्याची ताडी होते. आपल्याकडे या ताडीलाही शिंदीच म्हणतात. झाडाचं आणि नशेचं नाव एकच झालं, तिथेच झाडाची बदनामी सुरू झाली.

बाकीचं काम कायद्याने केलं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय रस काढणं गुन्हा ठरलं. रस काढायच्या झाडांवर खुणा झाल्या, झाडागणिक कर बसला. बांधावरचं झाड तसंच उभं राहिलं, पण त्याच्या रसावर सरकारचा हक्क आला. त्यामुळे दारूबंदी मागणाऱ्या चळवळीला शिंदी हे सरकारी तिजोरीचंच झाड दिसू लागलं. दांडीयात्रेनंतर गांधीजींनी सुरत भागात ही झाडं तोडायला सांगितलं. तिथे त्यांना खजुरी म्हणतात.

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूरच्या गिरण्यांचा कामगार रस्त्यावर आला. तीन दिवसांनी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची झाडं तोडली जाऊ लागली. पोलिसांनी अटका केल्या, जमाव वाढला, गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत पेटली. १२ मे ते ३० जून शहरात लष्करी कायदा होता. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. सोलापूर आजही त्या दिवशी त्यांना अभिवादन करतं.

गंमत पुढे आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याच गांधीजींनी ताडाच्या-शिंदीच्या गुळाचा पुरस्कार सुरू केला. ताजा रस आंबायच्या आत आटवला की गूळ होतो. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं लांबतं. झाड तेच, रसही तोच. वेळेवर चूल पेटली की गावाला रोजगार मिळतो, आणि नाही पेटली की ताडी होते. कुऱ्हाडीने हा फरक कधी केलाच नाही.

आता मोहोळकडे पाहू. सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवरचा हा तालुका. सीनेच्या पाण्यावर इथे ऊस उभा आहे, साखर कारखाने आहेत. उसाला वर्षभर पाणी द्यावं लागतं, आणि हा जिल्हा दुष्काळाचा म्हणून ओळखला जातो. ओढ्याच्या ओलीवर जगणारी शिंदीही साखरच देते, पाण्याची पाळी न मागता. ती उसाची जागा घेणार नाही हे खरं. पण ओढे रुंद करताना, बांध सपाट करताना जेसीबीपुढे पहिली जातात ती अशी कुणी न लावलेली झाडं. त्यांच्याबरोबर सुगरणीचे खोपे जातात, आणि पिढ्यान्‌पिढ्या केरसुण्या-फडे बांधणाऱ्या मातंग कुटुंबांचा कच्चा मालही जातो.

१९३० च्या कुऱ्हाडीमागे निदान एक विचार होता. आज शिंदी जाते ती कुणाच्या लक्षातही न येता. ओढ्याकाठी एखादी दिसली, तर तिच्या खोडावरच्या खाचा मोजून बघा. त्या नसतील, तर तिचा रस कुणी कधी काढलाच नाही. केरसुणी मात्र तिचीही होते.