आधी ओळख, मग औषध

मंडळी, आमच्या राजोडीत काय किंवा नालासोपाऱ्यात काय, ताप-खोकला आला की मेडिकलमध्ये जाऊन "अँटिबायोटिक द्या हो दोन दिवसांचं" म्हणायची पद्धत पडून गेली आहे. आजार कोणता, हे विचारायला कुणाला सवड नसते. मी इतिहासाचा मास्तर, म्हणून थोडे मागचे सांगतो.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात माणसे तापाने पटापट मरू लागली. मूळच्या गोव्याच्या डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी हा ग्रंथिक प्लेग आहे हे ओळखले. लोकांना ते पटेना. मग सरकारने जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईत बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यातूनच उभी राहिली. म्हणजे तेव्हा रोग ओळखता येत होता, पण त्यावर औषध नव्हते.

पुढे औषध आले. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली आणि पेनिसिलिन आपल्याच मातीत बनू लागले. केवढा आनंद तो! पण पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते की अपुरी मात्रा घेतली तर जंतू औषधाला सरावतील.

ते कसे, तर लाखो जंतूंत काही मुळातच चिवट असतात. अर्धवट औषधाने दुबळे मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. वाडीत वरवर खुरपणी केली की नाजूक गवत जाते आणि लव्हाळा माजतो, तसेच. शिवाय साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही.

डिसेंबर २०११ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी क्षयाचे चार रुग्ण जगासमोर मांडले. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यांतल्या तिघांना आधी निरनिराळ्या खाजगी डॉक्टरांकडून अनियमित, चुकीच्या मात्रेत औषधे मिळाली होती. 'संपूर्ण प्रतिरोधक' या नावावरून वाद झाला, पण दुखणे खरे होते.

आता गंमत पाहा. क्षयाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवून तपासायला कित्येक आठवडे लागतात. जीन-एक्सपर्ट यंत्र जंतूंच्या जनुकांवरून दोनेक तासांत सांगते, क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का. ट्रूनॅट हे तशाच कामाचे छोटे यंत्र तर गोव्यातल्या कंपनीचे. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. बेडाक्विलिनसारखी नवी औषधेही आली आहेत. पण तीही जपून वापरली तरच टिकतील.

व्हिएगस यांच्या काळात ओळख होती, औषध नव्हते. आपल्या हाती दोन्ही आहे, आणि आपण ओळखीलाच फाटा देतो. म्हणून नातेवाईकांना माझी विनंती, डॉक्टरांनी तपासणी सांगितली तर करा, दिलेले औषध सांगितले तितके दिवस घ्या आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. नातवंडांच्या न्युमोनियाला उद्या औषध लागू पडायला हवे ना!

असो. तुमचे अनुभव जरूर लिहा.