कृत्रिम माशी (ट्राउट मासेमारीतील)

गळावर रेशीमधागा, पिसे व केस गुंडाळून बांधलेले कीटकसदृश आमिष. बांधणीत कीटकाची हुबेहूब नक्कल साधावी, हे मत इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या १८८६ च्या ग्रंथाने बळावले. हॅम्पशरमधील टेस्ट नदीकाठी तर तरंगती माशीच तेवढी सभ्य ठरली. पुरावा मात्र वेगळे सांगतो. मेण लावलेल्या धाग्यावर सशाच्या कानाची लव पिळून वर सोनेरी तार वेढलेली माशी नेमकी कोणत्याच कीटकासारखी दिसत नाही, तरी ट्राउट तिला भुलतो. जी. ई. एम. स्क्यूझ यांनी पकडलेल्या माशांच्या पोटातले अन्न तपासले, तेव्हा मेफ्लायची पाण्याखालची अर्भकेही त्यात आढळली. १९१० मध्ये त्यांनी बुडत्या माशीची बाजू मांडली.

चोखंदळ ट्राउट कधीकधी एकाच जातीचे कीटक टिपतो आणि बाकी सारे नाकारतो, हा आक्षेप खराच आहे. पण ही निवड मुख्यतः आकारमान, बाह्याकृती व पाण्यातली पातळी यांवर होते. तरंगती माशी खालून, उजेडाच्या पार्श्वभूमीवर दिसते. तिथे पंखांच्या रंगछटांचा निभाव कितीसा लागणार? शिवाय कोणत्याही कीटकाला नसलेला गळाचा बाक उघडा लोंबत असतो, आणि मासा त्याकडे सरळ काणाडोळा करतो.