आमचं आडनाव: कुलकर्णी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर वाचन-लेखन बंदच होतं. त्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जाईना, म्हणून आज आडनावाबद्दल लिहितो आहे. आधी माझ्याच.

माझं आडनाव कुलकर्णी. महाराष्ट्रात कुठेही दगड मारला तर तो ज्यांच्या अंगणात पडेल त्यांच्यापैकी एक! १९७२ ते २००८ अशी छत्तीस वर्षं मी मुलांची हजेरी घेतली. दुसऱ्यांची आडनावं रोज पुकारली, पण आपल्या आडनावाचा विचार कधी केला नव्हता. मुलांनी मात्र केला होता. पाचवीच्या वर्गात एकदा महाभारतातला कर्ण शिकवत होतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, तुमी त्याच्या कुळातले का?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पण उत्तर देता आलं नाही.

उत्तर तसं सोपं आहे. यात महाभारतातला कर्ण नाही आणि आपला कानही नाही. 'कुळकर्णी' असा जुना, ळ चा उच्चार केला की अर्थ लगेच दिसतो. कुळ म्हणजे जमीन कसणारं, सारा भरणारं खातं. आजही आपण 'कुळकायदा' म्हणतो, त्यातलं कूळ हेच. आणि करण म्हणजे लेखन, दप्तर, ते सांभाळणारा लेखनिक. यादवांच्या दरबारात हेमाद्रीपंत 'श्रीकरणाधिप' होते, म्हणजे दप्तरखात्याचे मुख्य. तेव्हा गावातल्या कुळांचा हिशेब लिहिणारा तो कुळकर्णी. मराठी शब्दांची कुळकथा शोधून १९४६ साली 'मराठी व्युत्पत्ति कोश' ज्यांनी सिद्ध केला ते कृ. पां. हेही कुलकर्णीच. शब्दांचा जमाखर्च त्यांनी लिहिला, एवढाच फरक!

या शब्दाचे भाऊबंद देशभर आहेत. आंध्रात आणि तमिळ मुलखात गावच्या हिशेबनिसाला 'कर्णम' म्हणत. सन २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकला वजन उचलून ब्राँझ पदक आणणाऱ्या मल्लेश्वरीच्या नावामागे तोच शब्द आहे. कर्नाटकात 'शानभोग', वऱ्हाडात आणि उत्तरेत 'पटवारी'. एका गावच्या हिशेबाला कुलकर्णी, तर परगण्याच्या हिशेबाला देशकुलकर्णी, म्हणजेच देशपांडे. आमच्या सौ. माहेरच्या देशपांडे. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली तरी "तुम्ही गावाचे, आम्ही परगण्याचे" हे ऐकवायचं त्या सोडत नाहीत.

तर मुद्दा असा की, हे मुळात आडनावच नाही. हा हुद्दा आहे. ज्या घराकडे हे वतन, त्या घराचं मूळचं उपनाव वेगळंच असायचं. समर्थ रामदासांचं घराणं ठोसरांचं, पण जांब गावचं कुलकर्णीपण त्यांच्याकडे होतं. ज्ञानेश्वर माउलींचे वाडवडील आपेगावचे कुलकर्णी. जुन्या कागदात माणसाची ओळख त्याचं नाव, मग 'बिन' किंवा 'वलद' लिहून बापाचं नाव, मग गाव आणि हुद्दा अशी असे. इंग्रजी अमदानीत शाळा, कचेऱ्या, कोर्टं आली. प्रत्येक फॉर्मवर आडनावाचा रकाना आला आणि त्या रकान्यात हुद्दाच जाऊन बसला. पाटलाचं तसंच झालं, देशमुखाचंही तसंच. आमच्या घराण्याचं मूळ उपनाव आज आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नाही. हुद्द्याने ते गिळून टाकलं.

हुद्दा साधासुधा नव्हता. पाटील गावाचा मुख्य आणि कुलकर्णी त्याचा लेखनिक, पण लिहिता-वाचता येणारा गावात बहुधा तो एकटाच. कोणाची जमीन किती, सारा किती, भरला किती, थकला किती, हे सगळं त्याच्या रुमालात बांधलेलं. लिपी मोडी. बोरू न उचलता सलग ओढत जायचं, शब्द कुठे तुटतो ते सरावलेल्या डोळ्यालाच कळणार. कागदाच्या शेवटी ज्याची त्याची निशाणी: पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी. नांगरवाल्याला लेखणीवाल्याने काय लिहिलं ते वाचता येत नसे. सगळी मेख इथेच आहे.

लहानपणी घरात आजोबांच्या वतनाच्या गोष्टी मानाच्या म्हणून ऐकल्या. सणाला पहिला विडा कोणाला, वगैरे. पुढे नोकरीत असताना मराठी घेऊन बाहेरून बी.ए. केलं, तेव्हा दुसरी बाजू वाचायला मिळाली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात अडाणी शेतकऱ्याला कागदात गुंतवणारा कुलकर्णी ठायी ठायी भेटतो. 'दीनमित्र'कार मुकुंदराव पाटलांनी १९१३ साली 'कुलकर्णी लीलामृत' हे पुस्तकच काढलं. पोथीच्या थाटात, पण देवाच्या नव्हे, कुलकर्ण्याच्या 'लीला' सांगणारं! 'कलमकसाई' हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. ते वाचताना पहिल्यांदा मला राग आला होता, हे कबूल करतो. आपल्या आजोबांना कोणी शिवी दिल्यासारखं वाटलं. माझे आजोबा तसे नसतीलही. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्यासमोर आपण लिहितो आहोत, एवढ्यानेच आपल्या हातात केवढी सत्ता येते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते अगदी अलीकडे आलं. सांगतो पुढे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्याने १९५० साली परगणा व कुलकर्णी वतनं नष्ट करण्याचा कायदा केला आणि १ मे १९५१ पासून वतन संपलं. मी तेव्हा वर्षाचा होतो. म्हणजे मला वतन मिळालं नाही, त्याचं नाव तेवढं मिळालं. पाटीलकीही पुढे १९६२ च्या कायद्याने गेली. आंध्रातले कर्णम १९८४ साली रामरावांच्या सरकारने घरी बसवले. आणि आता आपल्याकडे तलाठ्याचंही 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे! हुद्दे बदलतात, आडनाव तिथेच राहतं.

आता हे कुलकर्णी आहेत तरी किती? आपल्या जनगणनेत आडनावं मोजत नाहीत, त्यामुळे आकड्याच्या भानगडीत पडत नाही. पण ते कुठे दाट आणि कुठे विरळ हे नकाशावर बोट ठेवून सांगता येतं. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, आणि तिकडे बेळगाव, धारवाड, विजापूर, कलबुर्गी, या सगळ्या पट्टीत भरपूर. कोकणात उतरलं की कमी, कारण तिथे वसुलीचा कारभार बऱ्याच ठिकाणी खोतांकडे होता. गोव्यात गावकरीचं दप्तर लिहिणारे कुळकर्णी होते, तेही आडनाव तिथे आहे. आता प्रत्येक गावाला एक कुलकर्णी लागणारच, म्हणजे जितकी गावं तितकी घराणी! एकमेकांशी नातं असायचं कारण नाही. बहुतेक देशस्थ ब्राह्मण, पण कऱ्हाडे आहेत, कायस्थ प्रभूही आहेत. म्हणून 'कुलकर्णी' म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठले?" गोत्र वेगळं असलं की लग्नंही जमतात. माझी थोरली बहीण कुलकर्ण्यांचीच सून झाली, तिला सही बदलावी लागली नाही. मराठी सिनेमात तर एकाच वेळी दोन सोनाली कुलकर्णी आहेत. धारवाडला राहून मराठी कथा लिहिणारे जी. ए. हेही कुलकर्णीच. या आडनावाला भाषेची सीमा नाही ती अशी.

आता त्या गोष्टीकडे येतो.

ऑपरेशननंतर काळा चष्मा लावून ओट्यावर बसलो होतो. एक गृहस्थ आले, पाया पडले. "वळखलं का गुरुजी?" आवाजावरून ओळखलं. १९७८ साली मीच त्याला पहिलीत घातलं होतं. बसला, चहा झाला. मग पिशवीतून कागद काढले. वडील वारले, जमिनीला वारस लावायचे आहेत. सातबाऱ्यावर वडिलांचं आडनाव जाधव, आणि याच्या शाळेच्या दाखल्यावर सुतार. हा त्यांचाच मुलगा कशावरून? पुढे त्याच दाखल्यावरून रेशनकार्ड, मग आधार, मग मुलांचे दाखले. तीन पिढ्यांच्या कागदांत बाप एका आडनावाचा आणि लेक-नातवंडं दुसऱ्या.

त्याने जनरल रजिस्टरच्या उताऱ्याची झेरॉक्स समोर धरली. मला अक्षरं अजून धूसर दिसत होती, पण वळण माझंच होतं. तो म्हणाला, "तुमीच लिवलंय, गुरुजी." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मला तो दिवस आठवतो. जूनमधली पटनोंदणी. आई त्याला सोडून कामाला निघून गेली होती. मी शेजारी उभ्या असलेल्यांना विचारलं, "हा कोणाचा रे?" कोणीतरी म्हणालं, "सुतारांचा." मी लिहिलं, सुतार. गावात ते घर त्याच नावाने ओळखलं जायचं, कारण ते नांगर, वखर भरून द्यायचं. जन्मतारीख? १ जून. अशा किती मुलांना मी १ जूनला जन्माला घातलं ते देव जाणे! घरी जाऊन विचारायला पाच मिनिटं लागली असती. मी गेलो नाही.

तो गेल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो. माझ्या घराण्याचं उपनाव हुद्द्याने गिळलं, म्हणून मी हळहळत होतो. आणि या पोराचं उपनाव मी स्वतःच्या हाताने असंच पुसलं, त्याच्या घरच्या धंद्याचं नाव रकान्यात भरून. फरक इतकाच की आमच्या धंद्याला मान होता, म्हणून आम्ही ते नाव मिरवलं. त्याला मात्र कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. वतन १९५१ ला संपलं असं मी वर लिहिलं खरं, पण १९७८ साली गावात दुसऱ्याचं नाव कागदावर लिहिणारा एक कुलकर्णी शिल्लक होता, आणि तो मी होतो.

आमच्या निघोज्यापाशी इंद्रायणी वाहते. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. आळंदीला ज्यांनी १२९६ साली समाधी घेतली ते कुलकर्ण्यांच्या घरातले, पण त्यांनी ज्ञान रुमालात बांधून ठेवलं नाही, लोकांच्या भाषेत मोकळं केलं. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं याच नदीत बुडवली असं आपण ऐकत आलो आहोत. आणि त्यांचे अभंग लिहून ठेवले ते कोणी? चाकणच्या संताजी जगनाड्यांनी. धंदा तेलाचा. लेखणी कुठल्या एका घराची मिरास नाही, हे आमच्या या दहा-बारा मैलांच्या टापूत साडेतीनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे. मी मात्र वर्गात हे शिकवूनही शिकलो नाही.

आज कागदाची किंमत तर आणखी वाढली आहे. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच्या पत्त्यात आमच्या गावाचं नाव आहे. पाठोपाठ महिंद्रांचा आला. बाजरीच्या रानाला सोन्याचा भाव आला आणि सातबाऱ्यावरच्या एकेका अक्षरालाही. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा जुनी मोडी दप्तरं आणि शाळांची रजिस्टरं पुन्हा उघडली गेली. कोण्या कुलकर्ण्याने, कोण्या मास्तराने शंभर वर्षांपूर्वी घाईत काय लिहिलं, त्यावर आजच्या पोरांचे दाखले अवलंबून!

गेल्या पंधरा ऑगस्टला शाळेत गेलो होतो. हजेरीपटावर बिहारचा यादव आणि आमच्याकडचा जाधव एका बाकावर बसलेले. एकाच शब्दाची दोन वळणं! एका मुलाच्या नावापुढे नुसतं 'कुमार'. नव्या बाईंना म्हटलं, "याच्या घरी विचारून खात्री केलीत का?" त्या म्हणाल्या, "सर, आधारवर तसंच आहे." पुढे काही बोललो नाही.

त्या गृहस्थाबरोबर मी खेडला गेलो. नोंद माझ्या हातची आहे, घरी न विचारता ऐकीव माहितीवर केली होती, असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. एकदा शाळा सोडली की रजिस्टरातली नोंद सहजी बदलत नाही, म्हणून त्याने राजपत्रात नाव बदलून घेतलं. वास्तविक बदललं नाही, मूळचं परत घेतलं. फेरफार अजून मंजूर व्हायचा आहे. निघताना तो म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, तुमी आमाला लिवायला तरी शिकवलं." प्रतिज्ञापत्रावर त्याने सही केली ती मी शिकवलेल्या वळणदार अक्षरात, जाधव अशी.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपल्या घरात कोणाच्या माळ्यावर जुन्या कागदांचा रुमाल असेल तर रद्दीत घालू नका. त्यात आपलं मूळ उपनाव सापडेल न सापडेल. पण दुसऱ्या कोणाचं तरी सापडेल.